उजवा कॅमेरा

६ जानेवारी २०२५, सोमवार

जीवनगौरव जाहीर झाल्यापासून लोक माझ्याशी हळू आवाजात बोलू लागले आहेत. पुण्यात माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलतात, माझ्या बाबतीत जरा घाई झालेली दिसते.

आज रोहन येऊन गेला. माझ्या चाळीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन तो मांडणार आहे, उद्घाटन ८ फेब्रुवारीला. वय तीस, दाढी पन्नाशीची. पोस्टरवर ‘धूळ’ घ्यायचं ठरलं. दुसरं काय घेणार म्हणा! २००३ साली मार्केट यार्डात काढलेला हा एक फोटो. त्याला परदेशातलं बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून मी दुसरं काही केलंच नाही असं लोक समजतात. ढिगाशी बसून कांदा निवडणारी बाई, पदराने नाक-तोंड बांधलेलं, डोळे मिटलेले, आणि पत्र्याच्या फटीतून आलेल्या उजेडात उडणारी धूळ. चेहरा नाहीच. परीक्षकांनी लिहिलं होतं की हा न दिसणारा चेहरा सगळ्या कष्टकऱ्यांचा आहे. ते वाक्य मी इतक्या व्याख्यानांत वापरलंय की आता ते माझंच झालंय.

जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायला रोहनने निकिता नावाची मुलगी दिली आहे. काम नीट करते. प्रश्न फार विचारते.

९ जानेवारी, गुरुवार

एका कॉलेजात फोटोग्राफीच्या मुलांसमोर बोललो. नेहमीप्रमाणे उजव्या कॅमेऱ्याचा किस्सा सांगितला. फिल्मच्या काळात माझ्या गळ्यात दोन कॅमेरे असत. डावा भरलेला, उजवा रिकामा. कुठेही गेलं की लोक भोवती जमतात, केस सारखे करतात, ‘आमचा काढा’ म्हणतात. नाही म्हटलं की रुसतात, हो म्हटलं की रोल संपतो. मग उजवा उचलायचा, चार वेळा खटखट करायचं, सगळे खूश होऊन कामाला लागले की डाव्याने खरं काम करायचं. पोरं पोट धरून हसली. एका मुलीने विचारलं, “सर, मग त्यांना फोटो मिळायचे नाहीत?” मी म्हटलं, “मागायला कोण येतंय?” तेव्हाही हसली. रोहन मागे बसून लिहून घेत होता.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

संध्याकाळी बेल वाजली. दारात तिशीची बाई, हातात हेल्मेट. “मी दीपाली. कांताबाईंची मुलगी.” मला कोण कांताबाई ते कळेना. “‘धूळ’मधल्या,” ती म्हणाली. “आई २००७ मध्ये गेली.”

मी बसा म्हणण्याआधी हिने तिला आत घेऊन तिळगूळही दिला. आमच्या सौभाग्यवतींचं दार सदैव उघडं. कुठे असता विचारलं तर म्हणाली, शिवाजीनगर कोर्टात स्टेनो आहे. कोर्टात. हे तिने इतक्या सहज सांगितलं की मी ताबडतोब सावध झालो.

“तुमचं पोस्टर पाहिलं, सर,” ती म्हणाली. “त्या दिवशी तुम्ही आईचा अजून एक फोटो काढला होता. खुर्चीवर बसवून, समोरून. मी शेजारी उभी होते. तो हवा होता. आईचा तेवढा एकच. मतदानाच्या कार्डावर एक आहे, पण त्यात नाक कुठे संपतं तेसुद्धा कळत नाही.”

मी म्हटलं, बघावं लागेल, फार जुनं आहे.

“दोन तारखेला आम्ही नव्या घरात जातोय. इथेच, धायरीला. तोपर्यंत मिळाला तर बरं होईल.”

म्हणजे उद्घाटनाच्या बरोबर सहा दिवस आधी. मुदत घालून दिली की! आणि निघताना काय म्हणावं? “मी लहानपणी आले आहे या घरी. आतल्या खोलीबाहेर लाल दिवा लागला होता.” इतक्या वर्षांपूर्वी कोणता दिवा लागला होता हे कोण लक्षात ठेवतं? ज्याला पुढे त्याचा उपयोग करायचा असतो तो.

१५ जानेवारी, बुधवार

दिवसभर विचार केला. ही वही कोणी वाचत नाही, तेव्हा लिहून टाकतो.

‘धूळ’ सहज टिपलेला क्षण आहे असं मी बावीस वर्षं सांगत आलो. बक्षिसाच्या नियमात तसं लेखी द्यावं लागलं होतं. पण त्या बाईने आधी पदर सोडला होता. मी तिला म्हणालो, “बाई, पदर होता तसा बांधा.” एवढंच. धूळ खरी, कांदा खरा, कष्ट खरे. एक वाक्य फक्त माझं. पण आजकाल एका वाक्यावरून माणसाला फाशी देतात. समोरून काढलेला फोटो म्हणजे उघडं तोंड. म्हणजेच आधी उघडं होतं, मग झाकायला लावलं. पुरावा तयार. मुलगी शेजारी उभी होती म्हणते, म्हणजे साक्षीदारही तयार. नाकाचं निमित्त करून आलेली बाई माझंच नाक कापायला बसली आहे.

१८ जानेवारी, शनिवार

निकिताने आज विचारलं, “सर, मार्केट यार्डच्या त्या दिवसाचे रोल कुठे आहेत? यादीत आहेत, पण बॉक्समध्ये नाहीत.” बरोबर, कारण ते काल मी काढून घेतलेत. पाचशे रोल सोडून या मुलीला नेमका तोच दिवस का हवा? “शोधतो,” म्हणालो. मग ती स्वयंपाकघरात जाऊन हिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलली. मी पाणी प्यायला गेलो तर दोघी पोह्यांबद्दल बोलू लागल्या. पोह्यांबद्दल इतक्या हळू कोणी बोलत नाही.

त्या निगेटिव्हची फाइल सुरक्षित जागी ठेवली आहे. कुठे ते इथेही लिहीत नाही.

१९ जानेवारी, रविवार

हिने तांदळाचा डबा उघडला.

“निगेटिव्ह पेरल्यात का?” म्हणाली. “किती दिवसांत उगवतात?”

मी म्हटलं, तुम्हा तिघींचं काय चाललंय ते मला कळलं पाहिजे. त्यावर तिने फाइल पुसली, टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “त्या मुलीला आईचा फोटो हवाय. आणखी काही चाललेलं नाही.”

“कोर्टात काम करते ती.”

“पोस्टात असती तर काय केलं असतंत?”

मग म्हणाली, “कांताबाई आपल्याकडे आल्या होत्या, आठवतं? तुम्हाला बक्षीस मिळाल्याचं पेपरात आलं तेव्हा. पिशवीभर निवडलेला कांदा घेऊन. सोबत ही मुलगी. तुम्ही डार्करूममध्ये होतात.”

आठवत नाही, म्हणालो. आठवतं. आत काहीच काम चाललेलं नव्हतं. बाई काहीतरी मागायला आली असणार या धास्तीने मी लाल दिवा लावून आत बसून राहिलो होतो, तासभर. हिने तिला चहा दिला आणि विचारलं, तुम्हाला फोटोची प्रत मिळाली का. ती म्हणाली, राहू दे ताई. रात्री हिने मला सांगितलं की त्या बाईला एक प्रत पाठवा. मी म्हटलं, बघू. त्या वर्षी कांदा मात्र महिनाभर पुरला.

मागायला आलेली बाई न मागता परत गेली, याचा तेव्हाही संशय आला होता.

२२ जानेवारी, बुधवार

फाइल निकिताला दिली. नाही दिली असती तर संशय वाढला असता. पण प्रत्येक पट्टीच्या पाकिटावर पेन्सिलने बारीक खूण करून दिली आहे. एक जरी हलली तरी मला कळेल.

रोहनला फोन करून आडून सुचवलं की एखादी व्यक्ती प्रदर्शनाआधी काही आरोप करू शकते. तर तो म्हणतो, “सर, थोडी कॉन्ट्रोव्हर्सी झाली तर उलट बरंच आहे. फुटफॉल वाढतो.” याला माझ्या कामापेक्षा पावलं मोजण्यात रस. मग त्याने उजवा कॅमेरा मागितला. काचेच्या पेटीत मांडायचा आहे, खाली कॉलेजातला किस्सा छापून. “पब्लिकला हे जाम आवडणार, सर.” माणूस पाठवला होता, त्याच्याकडे दिला.

२५ जानेवारी, शनिवार

ही फोनवर बोलत होती. “हो गं दीपाली, निकिता बघतेय, मिळेल, काळजी करू नकोस.” गं! अकरा दिवसांत अगं-तुगंपर्यंत मजल गेली. माझ्याच घरात माझ्याविरुद्ध आघाडी उभी राहिली आहे आणि तिला चहा मी विकत आणलेल्या पावडरीचा मिळतो.

मी विचारलं, काय म्हणत होती? ही म्हणाली, “तिला आईचा आवाज आठवतो म्हणे. चेहरा नीट आठवत नाही. तेरा वर्षांची होती आई गेली तेव्हा.” मी म्हटलं, वकिलाने शिकवलेलं वाक्य आहे. त्यावर ही माझ्याकडे बघत राहिली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे असं दोनदाच पाहिलंय.

२७ जानेवारी, सोमवार

सुटलो.

निकिताने तिन्ही रोल स्कॅन करून दिले, सोबत स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी. ‘एकूण फ्रेम १०८. कांताबाई ४१ फ्रेममध्ये आहेत. चेहरा एकाहीत नाही. खुर्ची कुठेच नाही. सॉरी सर, मी खूप शोधलं.’ पेन्सिलच्या खुणा मी तपासल्या, एकही हललेली नव्हती. म्हणजे उघड्या तोंडाचा फोटो नाही, पुरावा नाही, प्रकरण मिटलं. आज कित्येक दिवसांनी मी दोन वाट्या श्रीखंड खाल्लं.

जेवताना हिने विचारलं, “मग समोरून काढलेला गेला कुठे?”

“नसेलच काढला. लहान पोरीची आठवण ती.”

“ती सांगते, तुम्ही चार वेळा खटखट केलंत. आई पापणी न हलवता बसली होती.”

मी वाटी चाटत होतो. खाली ठेवली.

२८ जानेवारी, मंगळवार

२००३ ची डायरी माळ्यावरून काढली. काय सापडणार ते कालपासून माहीत होतं. तरी काढली, कारण आपण चुकीचं आठवतोय अशी थोडी आशा होती. जसंच्या तसं उतरवतो.

‘१८ फेब्रु. यार्ड, सकाळी सातपासून. बायका फोटोसाठी मागे लागल्या. एकीने आडत्याच्या गाळ्यातून खुर्ची आणली, तोंड धुऊन आली, पोरीला शेजारी उभं केलं. उजव्याने चार मारले. खूश. मग पदर परत बांधायला लावला आणि डाव्याने काम केलं. एक फ्रेम जमली असं वाटतं.’

तोंड धुऊन आली. सकाळी सातपासून कांद्याच्या धुळीत बसलेली बाई फोटोसाठी नळावर जाऊन तोंड धुऊन आली, आणि मी तिच्यासमोर रिकामा कॅमेरा धरला. नंतर तोच चेहरा झाकून घ्यायला लावला आणि त्यावर बक्षीस आणलं. दोन आठवडे मी या मुलीला चोर समजत होतो. तिला हवं होतं ते माझ्याकडे नव्हतंच, आणि का नव्हतं ते सांगून मी कॉलेजातल्या पोरांना हसवून आलो होतो. मला लाज वाटते. लिहिल्यावर कमी होईल असं वाटलं होतं, झाली नाही.

३० जानेवारी, गुरुवार

हिला सांगितलं. भाजी निवडत होती, निवडत राहिली. मग म्हणाली, “मी तिला मिळेल म्हणून सांगून बसले. आता तुम्ही सांगायचं. फोनवर नाही. घरी जाऊन.”

मी म्हटलं, घरात जाण्याच्या दिवशीच कसं सांगायचं, नंतर बघू.

“बघू,” ती म्हणाली. एवढाच शब्द, माझ्याच स्वरात.

रोहनला फोन केला, उजवा कॅमेरा परत पाठव. “सर, कॅप्शन प्रिंट झालंय, पेटी लावून झालीये!” मग पेटीच काढून टाक, म्हटलं. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. नंतर वाटलं की मला जास्त जागा हवी आहे. या क्षेत्रात कोणी कोणावर विश्वास ठेवत नाही. कारण माझ्यासारखी माणसं आहेत.

२ फेब्रुवारी, रविवार

मुद्दाम दुपारी गेलो, पाहुणे पांगल्यावर. ही आली नाही. धायरीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, दाराला झेंडूचं तोरण, आत अजून रंगाचा वास. दीपालीचे वडील दशरथ खाटेवर बसले होते. यार्डात तीस वर्षं हमाली केली, आता गुडघे गेलेत. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, दोघांना ताजे हार. त्यांच्या शेजारी जरा खाली एक रिकामा खिळा.

“फोटो आणलात, सर?” दीपालीने विचारलं. माझ्या खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग होती. चाळीस वर्षांची सवय, मी भाजीलाही ती घेऊन जातो. तिला वाटलं त्यात पाकीट असेल.

मी उभ्यानेच सांगितलं. बसून सांगता आलं नसतं. दोन कॅमेरे, डावा भरलेला, उजवा रिकामा, तुझ्या आईचा उजव्याने काढला. म्हणजे काढलाच नाही. पदराचंही सांगितलं. ते कोणी विचारलं नव्हतं.

आधी बोलले दशरथ.

“कांताला ठावं हुतं, साहेब.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“त्याच दिशी रातच्याला म्हनली मला. साहेबानी डावा कॅमेरा तीन बारी उघडला, आतलं रीळ बदललं. उजव्याला एकदाबी हात न्हाई. म्हनली, त्यात काय न्हाय वो. निवडनारी बाई ती. वरनं चांगला दिसनारा सडका कांदा तिला हात न लावता वळखू यायचा.”

“मग त्या आमच्या घरी आल्या होत्या, त्या...”

“बक्षीस लागलं नव्हं का तुमास्नी? पेढं न्हाई परवडत, कांदं नेऊ म्हनली. मी म्हनलं फोटूचं इचार. तर म्हनली, नगं. इचारलं तर मानूस लाजंल.”

दीपाली वडिलांकडे वळली. “बाबा, तुम्हाला माहीत होतं? आणि मला इतकी वर्षं सांगितलं नाहीत?”

“तू वाट बघत हुतीस,” दशरथ म्हणाले. “आईनंच म्हनलं हुतं, पोरीला नगं सांगू. तिला वाटू दे, हाय कुटंतरी आपला फोटू.”

ती स्वयंपाकघरात गेली. नळ बराच वेळ वाहत होता. मी दाराकडे बघत उभा होतो आणि खरं सांगायचं तर, आता दीपाली काय करेल याची मला भीतीच वाटत होती. डोक्यात कोर्टही एकदा येऊन गेलं. इतकं ऐकूनही. माणूस तेवढ्याने बदलत नाही.

ती बाहेर आली तेव्हा चेहरा धुतलेला होता. हातात प्लास्टिकची खुर्ची. ती तिने खिळ्याखाली ठेवली, वडिलांना धरून आणलं, बसवलं, त्यांची कॉलर सारखी केली.

“बॅगेत कॅमेरा आहे ना?”

“आहे.”

“बाबांचा काढा. समोरून.” मग थांबली, आणि वडिलांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. लहानपणी आईशेजारी अशीच उभी राहिली असणार. त्या दिवशी मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं.

मी चार काढले. दोघांनीही पापणी हलवली नाही. तरी खात्रीसाठी पाचवा काढला.

मी बॅग बंद करायला लागलो तशी ती पुढे आली.

“दाखवा.”

कॅमेऱ्याचा पडदा तिच्यासमोर धरला. तिने एकेक फोटो मोठा करून पाहिला, वडिलांचा चेहरा, मग स्वतःचा. पाचही पाहिले.

“उद्या प्रिंट करून पाठवतो,” मी म्हणालो. “मोठी करतो, फ्रेमसकट.”

“प्रिंट उद्या चालेल, सर,” ती म्हणाली. “फोटो आत्ता पाठवा. माझ्या मोबाइलवर. मी थांबते.”

कॅमेऱ्यातून माझ्या फोनवर घ्यायला आणि तिच्या फोनवर पाठवायला पाचेक मिनिटं लागली, चष्म्याशिवाय मला नीट जमत नाही. तोवर ती माझ्यासमोर उभी राहिली. दशरथ खुर्चीतून हलले नव्हते. मग तिचा मोबाइल वाजला. तिने उघडून पाहिलं, वडिलांना दाखवलं, आणि म्हणाली, “आला. आता चहा घ्या.”